सरपण कुठं रचायचं

ट्रॉलीवाल्या भंवरलालनं लाकडं फाटकातच ओतली आणि वर म्हणतो कसा, "माताजी, जहाँ कहते वहाँ डाल देता. पर पहले आप दोनों का तय तो हो!"

खोटं नव्हतं त्याचं. बिचारा पंधरा मिनिटं ट्रॅक्टर चालू ठेवून बसला होता. नवरा म्हणे तिकडे, बायको म्हणे इकडे. शेवटी त्यानं कपाळाला हात लावला, ट्रॉली उचलली, विलायती बाभळीचं सगळं सरपण धडाधड फाटकात पाडलं आणि तो आमेरच्या रस्त्याला लागला. आता बाहेरचं माणूस आत येऊ शकत नव्हतं आणि आतलं बाहेर जाऊ शकत नव्हतं.

"झालं समाधान?" लता म्हणाली.

"माझं कसलं समाधान? मी पहिल्यापासून सांगतोय, पलीकडच्या कुंपणाच्या भिंतीला रचायचं."

"आणि मी पहिल्यापासून सांगतेय, मोरीच्या भिंतीला. बंब इथं, लाकडं तिथं, आणि मध्ये आपण दोघा म्हाताऱ्यांनी ये-जा करायची. अक्कल गहाण ठेवल्यासारखं बोलू नका."

"भिंतीला वाळवी लागेल."

"माझे गुडघे आधी जातील, मग तुमची भिंत."

जिच्यापायी ही सगळी भांडणं, त्या वास्तूला घर म्हणणं जरा जास्तच होईल. दोन खोल्या, पुढं ओसरी, मागं मोरी, वर पत्रा. उत्तमनं छत्तीस वर्षं रेल्वेचं इंजिन चालवलं, त्यातली शेवटची एकोणीस जयपूरला. निवृत्त झाल्यावर लोक आपापल्या गावी जातात. यानं भुसावळचं नाव काढलं नाही. आमेरच्या पुढं, शेतांच्या कडेला, हा तुकडा घेतला आणि स्वतः उभं राहून दोन खोल्या बांधून घेतल्या. मुलगा संकल्प पहिल्यांदा बघायला आला तेव्हा हसत म्हणाला, "पप्पा, हे घर नाही, केबिन आहे." तेव्हापासून तिला केबिनच म्हणतात. उत्तमला त्याचा राग आला नाही, उलट तो खूश झाला. उभा जन्म केबिनमध्येच गेला होता त्याचा.

सरपण लागायचं ते बंबासाठी. तांब्याचा बंब लतानं भुसावळहून आणला होता आणि गेली तीन वर्षं हिवाळाभर तो रोज पेटत होता. गीझरच्या पाण्यानं अंग धुतल्यासारखं वाटत नाही, हे उत्तमचं म्हणणं. पहाटे पाचला उठून लाकूड आणायचं, बंब पेटवायचा, पाणी कढत झालं की लताला हाक मारायची, हे त्याचं काम. त्यात त्यानं कधी कुणाला हात लावू दिला नव्हता.

पण यंदा दिवाळीपासून तो बंब साडेसातला पेटवायला लागला होता. विचारलं तर म्हणे, थंडी फार आहे.

थंडी! लोहमार्गावर धुक्यात रात्ररात्र काढलेला माणूस तो. लतानं ऐकून घेतलं आणि पुढं काही विचारलं नाही. तिला कारण माहीत होतं. तेच तर दुखणं होतं तिचं.

तिला कळलं ते असं. इंजिनात दोघं असतात, ड्रायव्हर आणि असिस्टंट. समोर सिग्नल दिसला की एकानं मोठ्यानं म्हणायचं, "हिरवा!" दुसऱ्यानं हात करून म्हणायचं, "हिरवा!" प्रत्येक सिग्नलला, प्रत्येक वेळी. ही सवय उत्तमनं घरात आणली होती. लग्न होऊन नवीन आलेली लता त्याच्याबरोबर बाजारात निघाली की तो रस्त्यात बोट दाखवून म्हणायचा, "खड्डा!" आणि तिनं "खड्डा!" म्हटल्याशिवाय पुढं पाऊल टाकायचा नाही. लोक वळून बघायचे. लाजून तिचा जीव जायचा. पुढं तिलाच सवय लागली. पण नियम त्यानं पहिल्याच दिवशी सांगितला होता: आधी आपल्या डोळ्यांनी बघायचं, मग तोंड उघडायचं. दुसऱ्याचं ऐकून सिग्नल म्हणणारा ड्रायव्हर आणि खुनी यांच्यात काही फरक नसतो.

गणपतीच्या सुमारास एका संध्याकाळी दोघं मोठ्या रस्त्यावरून केबिनकडे येत होते. वाटेत काहीतरी काळपट पसरलेलं होतं. लता म्हणाली, "कुत्रा."

"कुत्रा," उत्तम खणखणीत म्हणाला, हात केला, आणि बाजूनं वळसा घालून निघाला.

जवळ गेल्यावर लतानं पाहिलं. सिमेंटचं रिकामं पोतं होतं. चूक तिची होती, उजेड कमी होता. पण त्यानं तर न बघताच, तिचं ऐकून म्हटलं होतं! ती तिथंच उभी राहिली. मग तिला एकेक आठवायला लागलं. चहाचा कप हातात दिल्याशिवाय तो हात पुढं करत नव्हता. ओसरीच्या पायऱ्या उतरताना तोंडातल्या तोंडात मोजत होता. पेपर घेऊन बसायचा, पण पान उलटायचा नाही.

त्याच्या वडिलांचे, दादांचे, डोळे असेच गेले होते. काचबिंदू. सासऱ्यांची दृष्टी बाजूनं मिटत मिटत गेली आणि शेवटची सहा वर्षं ते भुसावळच्या मागच्या खोलीत बाजेवर बसून होते. त्यांना न्हाऊ घातलं लतानं, भरवलं लतानं. म्हातारा वाईट नव्हता, पण दिवसातून वीसदा विचारायचा, "कोण आहे?" आणि कुणी नसलं तरी विचारायचा. ते पंचवीस वर्षांपूर्वीचं "कोण आहे" लताच्या कानातून अजून गेलं नव्हतं.

बरं, डॉक्टरकडे जावं, तर ते नाव काढायची सोय नाही. ड्रायव्हर लोकांना डोळ्यांच्या डॉक्टरची भीती वाघासारखी. दर मेडिकलच्या आदल्या रात्री उत्तम जागा असायचा. डोळ्यांत नापास झाला की माणूस इंजिनावरून खाली. मग स्टोअरमध्ये बसून रजिस्टर ओढा. छत्तीस वर्षं त्या डॉक्टरनं त्याला पास केलं होतं. आता आपल्या पायानं जाऊन नापास होऊन यायचं? शक्यच नव्हतं. लतानं एकदा "चष्म्याचा नंबर बघून येऊ" एवढंच म्हटलं, तर दोन दिवस तो धड बोलला नाही.

म्हणून तिला सरपण मोरीशी हवं होतं. मोरीपर्यंत पाच पावलं. पलीकडची भिंत म्हणजे बेचाळीस पावलं, तीही खाचखळग्यांची, मध्ये पाइप, मध्ये झाडांची आळी केलेली. तिथं हा रोज एकटा जाणार, आणि थंडीच्या दिवसांत विंचू-काटा, साप, सगळे ऊब बघून लाकडांतच शिरतात. पण हे तोंडानं कसं म्हणायचं? म्हणून ती आपले गुडघे पुढं करायची. गुडघे तसे ठणठणीत होते.

तासभर वाद झाला. मग उत्तम उठला, फाटकाशी गेला, दोन ओंडके काखेत मारले आणि पलीकडच्या भिंतीकडे चालू लागला. हा माणूस हट्टाला पेटला की ब्रेक लागत नाही, हे लताला ठाऊक होतं. ती चप्पल घालून मागं धावली.

त्यानं विटांच्या दोन ओळी मांडल्या, वर आडवे ओंडके टाकले, खालून वारा खेळला पाहिजे म्हणाला. काम त्याचं देखणंच. ती फाटकातून लाकडं आणून समोर टाकायची, तो बसून रचायचा. आणि कधी सुरू झालं कळलं नाही, पण ती प्रत्येक लाकडाला म्हणायला लागली होती.

"काटा. डावीकडं."

"काटा," तो म्हणायचा आणि उजवीकडून धरायचा.

"मोकळं."

"मोकळं."

"मोकळं."

"मोकळं."

दोघांनाही काही विशेष वाटल्याचं दिसत नव्हतं. चार थर झाले. ऊन पाठीवर आलं. लताला वाटलं, इतकं काही वाईट नाही. रोज सकाळी आपण बरोबर यायचं, म्हणायचं, झालं. असंही आयुष्य निघतं माणसांचं.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. संकल्प होता.

"आई, मी संडेला येतो. पप्पांशी बोलायचं आहे, मतलब, नीट बसून. पुण्याचं पक्कं झालं. जानेवारीत जॉइन करायचं आहे."

"ये ना, ये," लता म्हणाली. पुण्याचं म्हणजे बदली, अकराव्या मजल्यावरचा फ्लॅट, आणि त्यात आईवडलांसाठी एक खोली. सहा महिने तो मागं लागला होता. उत्तमनं एकदाच उत्तर दिलं होतं, "अकराव्या मजल्यावर काय करू मी? बसून राहू?" संकल्पला डोळ्यांचं कळलं तर तो विचारणारच नाही, सरळ सामान बांधेल. आणि मग लताला ती बाज दिसायची. भुसावळच्या खोलीतली बाज, फक्त अकराव्या मजल्यावर.

"मोकळं?" उत्तमनं विचारलं.

"मोकळं," ती फोन कानाला लावूनच म्हणाली.

"मोकळं," तो म्हणाला आणि त्यानं लाकूड उचलून छातीशी धरलं.

तेव्हा तिनं पाहिलं. सालीच्या फटीतून निघून काळा, बोटाएवढा विंचू त्याच्या स्वेटरच्या बाहीवर चढत होता. नांगी वर होती. उत्तम शांतपणे समोर बघत होता, लाकूड कुठं बसवावं त्याचा विचार करत.

तिनं फोन टाकला आणि चपलेनं त्याच्या हातावर असा फटका हाणला की लाकूड त्याच्या पायावर पडलं. विंचू उडून विटांत शिरला.

"आई गं! अगं, काय झालं?"

"विंचू," ती म्हणाली. "विंचू होता."

यावर तो "विंचू" म्हणाला नाही. त्यानं खाली बघितलं, विंचू गेला होता त्याच्या बरोबर उलट दिशेला. बराच वेळ बघितलं. मग म्हणाला, "कुठं होता?"

"याच लाकडावर."

"तू मोकळं म्हणालीस."

त्यात राग नव्हता. रागावला असता तर बरं झालं असतं, तिनं चार शब्द ऐकवले असते. त्यानं नुसतं सांगितलं. आणि पुढचं लाकूड उचलायला हात घातला नाही.

उरलेलं सरपण तिनं एकटीनं रचलं, त्याच भिंतीला. मोरीशी आणायचा विषय तिनं काढला नाही. कोणत्या तोंडानं काढणार?

शनिवार तिचा तयारीत गेला. तयारी म्हणजे काय, तर नाटकाची. वाटेतला पाइप काढून टाकला. ओसरीतली खुर्ची अशी लावली की उत्तमच्या समोर बसणाऱ्यावर उजेड पडेल. जेवायला ताट कसं वाढायचं ते ठरवून टाकलं, वाटी उजवीकडं, पाणी डावीकडं, आणि बोलता बोलता त्याला दोनदा ऐकवलं. तो "हं" म्हणाला. सरपणाबद्दल काही विचारलंच तर वाळवीचं सांगायचं, हेही तिनं मनाशी घोकून ठेवलं. रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. सासरे आठवत राहिले, आणि तो बाहीवरचा विंचू. त्यातला कुठला जास्त भीतीचा, ते ठरत नव्हतं.

रविवारी संकल्प आला, जयपूरच्या राजा पार्क भागातून गरम कचोऱ्या घेऊन. जेवण झकास पार पडलं. उत्तमनं वाटी बरोबर उचलली, पाणी बरोबर घेतलं, पुण्याच्या थंडीवर एक विनोदही केला. लताचा जीव जरा भांड्यात पडला. वाटलं, निभलं. पोरगा चहा पिऊन जाईल.

पोरगा चहा घेऊन अंगणात गेला. फिरता फिरता सरपणाशी थांबला. तिथून त्यानं मोरीकडं बघितलं, परत सरपणाकडं बघितलं.

"पप्पा, इतकं दूर का ठेवले लाकूड? मतलब, बंब तर तिथं आहे."

उत्तम ओसरीच्या खुर्चीत होता. लता त्याच्या शेजारी उभी होती.

"अरे, वाळवी लागते भिंतीला," ती पटकन म्हणाली. आणि थांबली. आता त्यानं म्हणायचं होतं, वाळवी. परवा तोच तर म्हणत होता. एक शब्द. तिनं खुर्चीची पाठ घट्ट धरली.

उत्तमनं खुर्चीतूनच त्या भिंतीकडं बोट केलं.

"ऊन तिथं आधी येतं," तो म्हणाला. "सकाळी साडेसातला त्या भिंतीवर लख्ख ऊन असतं. मोरीशी दहापर्यंत सावली. सावलीत मला लाकूड दिसत नाही, संकल्प."

संकल्पच्या हातातला कप तसाच राहिला. "मतलब?"

"मतलब दिसत नाही. समोरचं दिसतं, तेही धुरकट. बाजूचं गेलंच. चारेक महिने झाले."

"अहो!" लता कडाडली. तिला स्वतःचाच आवाज ओळखू आला नाही. "काय गरज होती? कुणी विचारलं होतं तुम्हाला? मी होते ना! मी सांगत होते ना सगळं! चार महिने सांभाळलं मी, कुणाला कळू दिलं नाही, आणि तुम्ही एका कपभर चहात सगळं सांडून मोकळे!"

"म्हणूनच सांगितलं," उत्तम म्हणाला.

"म्हणूनच काय?"

"तू सांगत होतीस म्हणून." त्यानं तिच्या दिशेनं मान वळवली. "परवा तो विंचू चावला असता, तर मी बोंबललो असतो दोन दिवस. नाहीतर मेलो असतो. माझं काय, मी सुटलो असतो. पण तू मरेपर्यंत म्हणत बसली असतीस, मी मोकळं म्हणाले होते. असा एक असिस्टंट बघितलाय मी, लाल असताना हिरवा म्हणालेला. गाडी घसरली त्यात त्याला खरचटलंसुद्धा नाही. पण माणूस संपला. तुझं तसं करायचं नाही मला."

लताला रडूच आलं. चार महिन्यांचं साठलेलं होतं, ते काही हळू येणार नव्हतं. पदरात तोंड घालून ती ओसरीच्या पायरीवर बसली. एवढा मोठा पोरगा समोर गोंधळून उभा, कपातला चहा निवत चाललेला. तिला वाटलं होतं, हे बाहेर पडलं की सगळं संपेल. बाहेर पडलं होतं. भीती तर तेवढीच होती, फक्त आता ती एकटीची नव्हती.

संकल्पनं कप खाली ठेवला. "आई, उद्या डॉक्टर. मी सुट्टी घेतो. पुण्याचं नंतर बोलू."

"उद्याच," लता नाक पुसत म्हणाली. "सकाळी."

उत्तम खुर्चीत जरा मागं सरकला. "आणि अनफिट केलं तर?"

चौसष्ट वर्षांचा माणूस, पण आवाज शाळेच्या पोरासारखा निघाला. लताला हसू आणि रडू एकदमच आलं. "कोणती गाडी काढायचीय तुम्हाला आता? करू दे अनफिट."

तोही किंचित हसला. मग हसू गेलं.

"लता," तो म्हणाला, "दादांसारखं झालं तर?"

चार महिन्यांत हे कुणी उच्चारलं नव्हतं. संकल्पनं आईकडं बघितलं. काही नाही हो, आजकाल औषधं असतात, ऑपरेशन असतं, असं ती म्हणू शकली असती, आणि ते खोटंही नव्हतं. पण खरं काय ते तिला माहीत नव्हतं. माहीत नसताना बोलायचं नाही, एवढं ती परवा शिकली होती. तिनं अंगणाच्या त्या टोकाला बघितलं. सकाळचं ऊन तिथून केव्हाच उतरलं होतं.

"तर सरपण मोरीशी आणू," ती म्हणाली. "मग तुम्हाला उन्हाचं काय? मला सावलीतही दिसतं."

"आणि बंब कोण पेटवणार?"

"मी."

"तुला धूर सोसत नाही. खोकत बसशील."

"बसेन," लता म्हणाली. "म्हणजे तुम्हाला कळत राहील, मी कुठं आहे ते."